नोकरी सांभाळून प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ऑनलाइन एमबीए: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एखाद्या वेबसाइटवर सहज म्हणून नाव आणि मोबाइल नंबर टाकलात, की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला फोन येतो. "मॅडम, मी तुमचा ॲडमिशन काउन्सेलर बोलतोय. दोनच सीट राहिल्यात, आज थोडे पैसे भरून ब्लॉक करून ठेवा." मग दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. ऑनलाइन वर्गाला बाक मोजलेले नसतात, त्यामुळे "दोनच सीट" ऐकलं की हसून फोन ठेवायचा. मला हे कळेपर्यंत आठवडा गेला.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघते. कुठला पार्ट कधी ओतायचा, मशीनवर कधी चढवायचा, डिस्पॅच कधी, हे माझं रोजचं काम. दोन वर्षं नोकरी आणि घर सांभाळून प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये ऑनलाइन एमबीए केलं. ओळखीपाळखीतली मुलं-मुली आता मला विचारतात, कुठून सुरुवात करू? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. माझा एकच आग्रह आहे, आणि तो पुढे जागोजागी डोकावेल: या अभ्यासासाठी कामाबाहेर वेगळा वेळ शोधत बसू नका, रोजच्या कामातलंच एक काम अभ्यासाला जुंपा.

आधी पदवी खरी आहे का ते बघा

एकाच जाहिरातीत तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असते पदवी: एमबीए, दोन वर्षं, चार सत्रं. दुसरी पदविका, म्हणजे पीजी डिप्लोमा, बहुधा वर्षभराची. तिसऱ्या प्रकाराला "एक्झिक्युटिव्ह पीजी प्रोग्रॅम" वगैरे भारदस्त नाव असतं, वर एखाद्या मोठ्या संस्थेचा शिक्काही असतो, पण शेवटी हातात पडतं ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वाईट असतं असं नाही. फक्त पदवीच्या किमतीत ते घेऊ नका, आणि जिथे पदव्युत्तर पदवीची अट आहे तिथे ते चालेल असंही समजू नका.

ऑनलाइन पदव्यांवर युजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, नियंत्रण असतं. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० साली आले आणि त्याचं काम युजीसीचा दूरशिक्षण विभाग, म्हणजे डीईबी बघतो. त्यांच्या संकेतस्थळावर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रासाठी कुठला अभ्यासक्रम चालवायची परवानगी आहे, याची यादी असते. ही यादी काउन्सेलरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत बघू नका, स्वतः संकेतस्थळ उघडून बघा. परवानगी सत्रागणिक असते. गेल्या वर्षी नाव होतं म्हणजे यंदा असेलच असं नाही. एमबीएसाठी एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, पत्रही विद्यापीठाने लावलंय का, तेही तपासा.

"ऑनलाइन एमबीएला किंमत नाही" असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांच्यासाठी: मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे युजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे. कंपनीतला एचआर मनात काय धरेल हा भाग वेगळा, तो मुलाखतीत निस्तरायचा असतो.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांत गल्लत करू नका. दूरस्थमध्ये छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र, केंद्रावर जाऊन परीक्षा. ऑनलाइनमध्ये वर्ग, साहित्य, असाइनमेंट सगळं पोर्टलवर. आपल्या भागात दूरस्थचा रस्ता जुना आणि स्वस्त आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं, जे १९८९ साली सुरू झालं, कोल्हापुरात विभागीय केंद्र आहे. शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र आहे. इग्नू आहेच. तिथल्या यंदाच्या माहितीपत्रकात विषयांची यादी नीट वाचा. नावात "प्रोजेक्ट मॅनेजमेंट" नसलं तरी ऑपरेशन्सच्या एमबीएत हा विषय बऱ्याचदा असतो, आणि मशीन शॉपवाल्याला कधी कधी तेच जास्त उपयोगी पडतं.

शहरात एखाद्या गाळ्याबाहेर "अमुक विद्यापीठाचे अधिकृत सेंटर, पास होण्याची हमी" अशी पाटी दिसली तर पुढे चला. असे अभ्यासक्रम फ्रँचायझीला चालवायला द्यायची विद्यापीठाला परवानगीच नाही. फी विद्यापीठाच्या खात्यात आणि पावती विद्यापीठाच्या नावाची, यात तडजोड करायची नाही.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन एमएस्सी करायची असेल, तर ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० क्रेडिटची असते हे लक्षात ठेवून क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं माप, मोजा. आणि पुढे सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. डोक्यात असेल तर भारतात ती समकक्ष धरतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. तोंडी "हो, चालतं की" याला काही अर्थ नाही.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताना आता विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्याआधी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होतात ते, खातं लागतं, ते डिजिलॉकरमधून उघडतं, आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. म्हणजे साखळीतली पहिली कडी आधार. तिथलं नाव आणि पदवी प्रमाणपत्रावरचं नाव जुळलं नाही की गाडी अडते.

माझी अडलीच. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला कपाटात होता, पण त्यात माझ्या वडिलांचं नाव एका अक्षराने चुकलेलं. दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अपलोड, यात आठ दिवस गेले आणि शेवटच्या तारखेला रात्री अकराला अर्ज गेला. बायकांनी हे काम प्रवेशाच्या महिनाभर आधी उरकावं. पुरुषांनीही दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी की नंतर, ते एकदा बघून ठेवावं.

प्रवेशाची सत्रं वर्षातून दोन: जुलै-ऑगस्टचं आणि जानेवारी-फेब्रुवारीचं. एक हुकलं तर आभाळ कोसळत नाही.

पैसे

फी काही ठिकाणी लाखाच्या आत, तर नावाजलेल्या खाजगी विद्यापीठांत दोन लाखांच्या वर जाते. जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा यांत परीक्षा फी, नोंदणी फी, विषय राहिला तर पुन्हा बसायची फी एवढं अंतर असतं. चारही सत्रांचा मिळून एकूण आकडा ईमेलवर मागा.

"बिनव्याजी हप्ता" म्हणतात ते बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. विद्यापीठाला पैसे एकरकमी मिळतात आणि तुम्ही कुठल्याशा वित्त कंपनीचे कर्जदार होता. मध्येच शिक्षण सोडलं तरी हप्ता सुटत नाही, आणि दोन हप्ते थकले की पुढच्या गृहकर्जाला सिबिल आडवं येतं. मी सत्रागणिक फी भरली. थोडी महाग पडली, पण झोप लागायची. कंपनी काही वाटा उचलते का, हे विचारायला लाजू नका. आमच्या साहेबांनी फी दिली नाही, पण परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा दिली, तीही कमी नव्हती.

वेळ कुठून आणायचा

"रात्री जेवणं झाली की बसू" हा बेत कुणाचाच टिकलेला मी बघितलेला नाही. माझा तीन दिवस टिकला. शेवटी पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ सापडली, दूधवाला यायच्या आतली. आठवड्याला आठ-नऊ तास एवढे पुरतात. थेट तास बहुधा शनिवार-रविवारी असतात, आणि कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल तर रेकॉर्डिंगवर भागवावं लागतं. रेकॉर्डिंग "नंतर बघू" म्हणून साठवली की ती पापडासारखी वर्षभर डब्यातच राहतात. त्याच आठवड्यात दीडपट वेगाने बघून टाका.

सत्र सुरू झालं की पहिल्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि घरातल्यांना घेऊन बसा. गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा, घरातली लग्नं, कारखान्यातलं ऑडिट, असाइनमेंटच्या तारखा, परीक्षा, सगळं एकाच पानावर मांडा. गणपतीचे दिवस अभ्यासातून सरळ वगळा. तालमीची मिरवणूक खिडकीखालून जात असताना संख्याशास्त्र डोक्यात शिरत नाही.

पावसाळ्याचंही गणित धरा. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला महापूर कोणी विसरलेलं नाही. चिखली-आंबेवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको. जूनमध्येच पुढच्या दोन महिन्यांचं साहित्य मोबाइलवर आणि पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं. घरी फायबर असला तरी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हवा, आणि राउटर इन्व्हर्टरवर. लॅपटॉप साधा चालतो, कॅमेरा आणि माइक मात्र धड पाहिजे.

विषय: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण एमबीएचेच विषय: हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग, माणसांचं व्यवस्थापन. प्रोजेक्ट मॅनेजमेंट खऱ्या अर्थाने तिसऱ्या सत्रात येतं. इंजिनिअरला ताळेबंद छळतो, कॉमर्सवाल्याला संख्याशास्त्र. दोघांनी एकमेकांना शिकवावं, एवढंच सांगून पुढे जाते.

मुख्य विषयात शिरताना एक सवय लावा: इंग्रजी व्याख्या पाठ करायच्या आधी ती गोष्ट आपल्या कारखान्यात कुठे घडते ते शोधा. साहित्य सगळं इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिला महिना जड जातो, पण शब्द एकूण दोन-अडीचशे आहेत आणि ते फिरून फिरून येतात. मी एका वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे आपल्या शॉपमधलं उदाहरण असं लिहीत गेले. "फ्लोट"समोर लिहिलं होतं: सवड.

ही सवड म्हणजे काय, ते जरा जवळून बघू, कारण या पदवीतली सगळ्यात कामाची एखादी गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत कामाचं वेळापत्रक आखायच्या दोन पद्धती जवळजवळ एकाच वेळी तयार झाल्या. ड्यूपाँट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथ, आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात पर्ट. दोन्हींचा गाभा एकच: कुठलं काम कुणासाठी अडून बसलंय ते रेघांनी जोडायचं आणि सगळ्यात लांब रस्ता शोधायचा.

आमच्याकडे पंपाच्या बॉडीचा नवा पार्ट आला होता. ड्रॉइंग समजून घ्यायला ४ दिवस. त्यानंतर तीन कामं एकदम सुरू होतात: पॅटर्न (ज्यावरून ओतायचा साचा बनतो तो नमुना), १२ दिवसांचा कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) आणि मशीनिंगचं २० दिवसांचं फिक्श्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायची चौकट). पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन्ही आले की सँपल ओतायला ३ दिवस, फेटलिंग, म्हणजे ओतलेला पार्ट घासून साफ करायला, आणि मापं तपासायला ४. मग फिक्श्चर तयार असेल तर मशीनिंगची ट्रायल ५ दिवस, आणि ग्राहकाची मंजुरी १०.

पॅटर्नला किती धरायचे? उद्यमनगरातल्या पॅटर्न मेकरला विचारलं तर ते म्हणाले, "चौदा दिसात देतो की मॅडम." नेहमीचा अनुभव १८ दिवसांचा, आणि एकदा पावसात त्यांनी २८ लावलेले. पर्टमध्ये सगळ्यात चांगला आकडा, नेहमीच्या आकड्याची चौपट आणि सगळ्यात वाईट आकडा यांची बेरीज करून सहाने भागतात. १४ अधिक ७२ अधिक २८, म्हणजे ११४. भागिले ६, आले १९ दिवस.

आता बेरीज करा: ४, १९, ३, ४, ५, १०. एकूण ४५. हा झाला क्रिटिकल पाथ. कोअर बॉक्स सोळाव्या दिवशी तयार होतो, पण लागतो तेविसाव्याला, म्हणजे त्याला ७ दिवसांची सवड. फिक्श्चर चोविसाव्याला तयार, लागतं तिसाव्याला, सवड ६ दिवस. फिक्श्चरवाला ६ दिवस उशीर करो, डिस्पॅचला फरक पडत नाही. पॅटर्न मेकरचा एक दिवस मात्र थेट एक दिवस खातो. हे कळायच्या आधी मी दोघांनाही सारखेच फोन करायचे आणि दोघांशी सारखीच भांडायचे.

याच्या पुढची गंमत. साहेब म्हणाले, जादा पैसे देऊन पॅटर्न १० दिवसांत करून घ्या, ९ दिवस वाचतील. कागदावर मांडून बघा. पॅटर्न चौदाव्या दिवशी येईल, पण कोअर बॉक्स सोळाव्याला. ओतून तपासून तेविसावा दिवस, आणि फिक्श्चर चोविसाव्याला. सगळं मिळून ३९ दिवस. पैसे ९ दिवसांचे, वाचले ६. माझ्या दोन वर्षांच्या फीचा काही भाग त्या एका कागदाने वसूल केला, असं मी घरी सांगते.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे खरोखर झालेल्या कामाचं पैशातलं मोल. समजा १० लाखांचं शेड १० आठवड्यांत उभं करायचंय. पाच आठवडे झाले, पाच लाख खर्च झाले, आणि सगळे निवांत आहेत, निम्मे दिवस निम्मे पैसे. पण काम झालंय ४० टक्केच. म्हणजे पाच लाख देऊन हातात चार लाखांचं काम आलं. चार भागिले पाच, ०.८. याच चालीने गेलं तर १० भागिले ०.८, शेड साडेबारा लाखांना पडणार. हा हिशेब पाचव्या आठवड्यात मांडणारा माणूस साइटवर कुणालाच आवडत नाही, याची तयारी ठेवा.

जोखमीच्या प्रकरणात पुस्तकं भूकंपापासून सायबर हल्ल्यापर्यंत सगळं सांगतात. मी असाइनमेंटमध्ये पंचगंगेचा पूर घेतला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ३९ ला कुठला माल आधी हलवायचा, ४३ ला कोण कामगार घरी अडकणार, नदीपलीकडच्या कुठल्या पुरवठादाराचा रस्ता बंद होणार, हे लिहिलं की जोखीम नोंदवही आपोआप तयार होते. धोका येण्याआधी दिसणारी खूण, जिला पुस्तकात ट्रिगर म्हणतात, ती आपल्याकडे फुटात मोजतात.

आणि स्टेकहोल्डर (प्रकल्पाशी हितसंबंध असलेली माणसं), परवानग्या, मुदतवाढ या प्रकरणाला उदाहरण शोधायला लांब जाऊ नका. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचं काम २०१४ ला सुरू झालं, पाणी शहरात आलं २०२३ च्या दिवाळीत. तेवढ्या वर्षांतल्या वर्तमानपत्रांच्या बातम्या क्रमाने लावल्या तरी एक चांगली केस स्टडी होते. साखर कारखान्याचा बंद काळही तसाच: गाळप संपल्यावर मिलचे रोलर उघडायचे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोळी टाकायच्या आत सगळं जागेवर बसवायचं. शेवटची तारीख ऊस ठरवतो.

अजाइल, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत करून ग्राहकाला वरचेवर दाखवायची पद्धत, हा भाग आयटीवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नका. २००१ साली सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी मिळून त्याचा जाहीरनामा लिहिला. कास्टिंग दर दोन आठवड्यांनी थोडंथोडं ओतून ग्राहकाला दाखवता येत नाही हे खरं, पण सकाळची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक आम्ही तिथूनच उचलली.

सॉफ्टवेअर

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट विकत घ्यायची घाई करू नका. विद्यापीठ विद्यार्थ्यांना वापरायला देतं का, ते आधी विचारा. नाहीतर प्रोजेक्टलिब्रे आणि गँटप्रोजेक्ट हे दोन्ही फुकट आहेत आणि शिकायला पुरतात. मोठ्या बांधकामात किंवा रिफायनरीच्या कामात जायचं असेल तर प्रायमाव्हेरा, सॉफ्टवेअर कंपनीत जायचं असेल तर जिरा. पण वरचं ४५ दिवसांचं गणित पहिल्यांदा पेन्सिलीने मांडा. कॉम्प्युटरने क्रिटिकल पाथची लाल रेघ काढून दिली की ती का आली हे विचारायचं राहून जातं.

असाइनमेंट आणि गट

गुणांची विभागणी बहुधा ३० अंतर्गत आणि ७० सत्रान्त परीक्षेला अशी असते. हे ३० आधीच घरात आणून ठेवले की परीक्षेला हात थरथरत नाहीत.

इथेच माझा सुरुवातीचा आग्रह. पहिल्याच सत्रात कामावरचा एक चालू प्रकल्प धरा, आणि जमेल ती प्रत्येक असाइनमेंट त्याच्यावर लिहा. हिशेबाच्या विषयात त्याचं बजेट, माणसांच्या विषयात त्याची टीम, जोखमीत त्याचे धोके. चौथ्या सत्रापर्यंत अर्धा प्रबंध लिहून झालेला असतो. नेटवरून किंवा एआयकडून उतरवलेलं तपासणीत सापडतं, आणि समजा नाही सापडलं तरी तोंडी परीक्षेत "तुमच्या कारखान्यात हे कसं करता?" असा एक साधा प्रश्न पुरतो.

गटाच्या कामात एक जण गायब होणार हे धरूनच चला. आमच्या गटात एक पुण्याचा, एक दुबईचा, एक नागपूरची आणि मी. दुबईचा घड्याळात आमच्या दीड तास मागे, पण आठवडाभर मागे असल्यासारखा. शेवटी कामाचे तुकडे करून प्रत्येकापुढे नाव आणि तारीख लिहिली, तेव्हा गाडी रुळावर आली. वर्गात नुकतंच शिकवलेलं होतं, तरी सुचायला दोन आठवडे लागले.

परीक्षा

घरून परीक्षा म्हणजे सोपी परीक्षा असा गैरसमज आहे. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, मग लॅपटॉप उचलून खोली चारी बाजूंनी दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. नजर सारखी बाजूला गेली तर सूचना येते. खोलीत दुसरं कोणी आलं तर नोंद होते.

माझ्या दुसऱ्या सत्राच्या पेपरला सासूबाई चहा घेऊन आत आल्या. मी हाताने खुणा करतेय, तोंडातून शब्द काढायची सोय नाही. त्या कॅमेऱ्यात वाकून, स्क्रीनवर दिसणाऱ्या बाईंकडे बघत म्हणाल्या, "कोण बाई ह्या? ह्यांस्नी पण घ्या म्हणावं चा." स्क्रीनवर लाल अक्षरात इशारा आला. नंतर ईमेल करून खुलासा द्यावा लागला, आठवडाभर निकाल अडकला. पुढच्या पेपरपासून दाराला बाहेरून कागद चिकटवला: परीक्षा आहे, बारा वाजेपर्यंत कोणी येऊ नये. आणि आदल्या रात्री घरात सगळ्यांना नुसतं सांगितलं नाही, कॅमेरा लावून दाखवलं.

आणखी काही बारीकसारीक. विद्यापीठ जी सराव परीक्षा ठेवतं ती सोडू नका, त्यात गुणांपेक्षा कॅमेऱ्याची परवानगी आणि ब्राउझरचं तपासायचं असतं. विंडोजचे अपडेट आदल्या दिवशी करून घ्या. लाइट गेली, नेट तुटलं, तर त्याच मिनिटाला फोनने स्क्रीनचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. परीक्षा केंद्रावर असेल तर केंद्र कोल्हापुरातच मिळेल असं धरू नका, अर्ज भरतानाच पर्याय बघा.

शेवटचा प्रकल्प

विषय निवडताना जगाचा प्रश्न सोडवायला जाऊ नका. "भारतीय उत्पादन क्षेत्रातील प्रकल्प विलंब" हा विषय तुम्हाला गिळून टाकेल. "आमच्या कारखान्यात नव्या पार्टला ठरल्यापेक्षा जास्त दिवस का लागतात" हा विषय तुमच्या मुठीत मावतो. मागचे दहा-बारा पार्ट काढायचे, ठरलेले दिवस, लागलेले दिवस, कुठल्या टप्प्यावर अडलं, एवढी एक्सेल शीट म्हणजे निम्मा प्रबंध.

कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, आणि ती विषय ठरायच्या आधी. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर, दर, यातलं काहीही प्रबंधात जाऊ देऊ नका. "ग्राहक अ" लिहिलं तरी मार्गदर्शकाला पुरतं. परवानगी मागताना साहेबांना हेही सांगा की निष्कर्ष आधी त्यांना दाखवाल. आमच्याकडे निष्कर्ष असा निघाला की सगळ्यात जास्त दिवस पॅटर्नमध्ये जात नव्हते. ड्रॉइंगच्या मंजुरीसाठी फाइल आमच्याच ऑफिसात पडून राहत होती. तो परिच्छेद मी तीनदा सौम्य केला.

पदवी हातात आल्यावर

कोल्हापुरात "प्रोजेक्ट मॅनेजर" अशी पाटी असलेल्या खुर्च्या थोड्या आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकितमध्ये हेच काम प्लॅनिंग इंजिनिअर, नवीन पार्ट विकास, प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर अशा नावांनी चालतं. नोकरी शोधताना ही नावं टाका. बांधकाम, सौर ऊर्जा, रुग्णालयाची उभारणी आणि घरून चालणाऱ्या आयटीच्या नोकऱ्या वेगळ्या.

पुण्याला किंवा बाहेर जायचं असेल तर पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, या प्रमाणपत्राबद्दल विचारणा होईल. ते प्रमाणपत्र १९६९ साली स्थापन झालेली अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट देते. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव नसेल तर सुरुवातीला त्याच संस्थेचं कॅपएम हे नवख्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे. तुमची पदवी त्याच संस्थेच्या मान्यता केंद्राने मान्य केलेली असेल तर अनुभवाची अट ३६ वरून २४ महिन्यांवर येते, म्हणून प्रवेश घेतानाच हा प्रश्न काउन्सेलरला विचारा. बहुतेक जण गडबडतात.

पीएमपीच्या अर्जात प्रत्येक प्रकल्पाच्या तारखा, तुमची भूमिका आणि नेमकं काय केलं ते लिहावं लागतं. तीन वर्षांपूर्वीच्या तारखा कुणाला आठवतात? पहिल्या सत्रापासून एक दोनशे पानी वही घाला: प्रकल्प, सुरू कधी, संपला कधी, माझं काम काय, ठरलेले दिवस, लागलेले दिवस. माझ्या वहीत पहिली नोंद त्या पंपाच्या बॉडीची आहे. पॅटर्न: धरलेले १९, लागलेले २६. समोर शाईने लिहिलंय, "पॅटर्न मेकरच्या पुतणीचं लग्न, विचारलं नव्हतं."